तिसरी थप्पी

गार्डिनाच्या पेलिकन ह्या पत्त्यांच्या क्लबात दोन बँका होत्या. एक जाळीच्या खिडकीमागे, तिला पहारेकरी होता. दुसरी टीव्हीच्या खोलीत हिरव्या रेक्झिनच्या खुर्चीत बसून लोकरीचे चौकोन विणायची, आणि तिला पहारेकऱ्याची गरजच नव्हती. तिचं नाव नेड्रा प्रुइट. पहिली बँक एखाद्या वेळी कुणी लुटलीही असती. दुसरी लुटायची एल्डन प्रुइटची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, उभ्या जन्मात हिंमत झाली नाही.

क्लब सकाळीच उघडायचा. दार उघडायच्या आधी पायरीवर म्हाताऱ्यांची ही रांग! विमानाच्या कारखान्यातले, शाळांतल्या शिक्षिका, टपालवाले, सगळे पेन्शनीत निघालेले. आत गेलं की धूर, कॉफी आणि वाटाण्याचं सूप असा मिळून एक वास. फळ्यावर आपली आद्याक्षरं लिहायची आणि वाट बघायची. जागा रिकामी झाली की भोंग्यातून पुकारा व्हायचा, "ई. पी.! ई. पी., सात नंबर!" की आमचे ई. पी., म्हणजे एल्डन प्रुइट, बसच्या आगारात इंजिनांखाली आयुष्य काढलेले, पँट वर ओढत असे धावायचे, जसं टेबल पळून चाललंय. पाच पत्ते हातात, नको ते एकदा बदलून घ्यायचे, मग बोली. पत्ते खेळणाऱ्यांनीच पाळीपाळीने वाटायचे, आणि बसल्या जागेचं भाडं मात्र क्लबाला मोजायचं.

एल्डन वाईट खेळायचा असं नाही हं. चांगले पत्ते आले तर चेहरा मख्ख ठेवायचा, वाईट आले तर टाकून द्यायचा. त्याचं दुखणं वेगळं होतं. हरला की त्याला उठता यायचं नाही. तरुणपणी एका शनिवारी तो पगार हरला, मग घरभाडं हरला, मग घरी येऊन नेड्राने भांडी घासताना काढून ठेवलेली लग्नाची अंगठी घेऊन गेला आणि तीही हरला. नेड्रा रडली नाही की ओरडली नाही. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा केला, बिस्किटं कुत्र्याला घातली आणि म्हणाली, "खेळाचे पैसे आजपासून ह्यात. घरखर्चाचा एक पैसा ह्यात पडणार नाही. आणि डबा राहणार माझ्याजवळ."

तेव्हापासून तेच चाललं. दिवसाला खेळाच्या चकत्यांच्या दोन थप्प्या, वीस-वीस डॉलरच्या. पहिली हरला तर टीव्हीच्या खोलीत येऊन दुसरी मागायची. दुसरी गेली की दिवस संपला. जिंकेल ते डब्यात. डबा निम्म्यावर आला की लहान बोलीच्या टेबलावर उतरायचं, तिथे चणे-फुटाण्यांसाठी खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत बसायचं, आणि डबा भरला की मगच वर चढायचं. मोठमोठाल्या गाड्यांतून येणारे शूर वीर त्या दोघांना हसायचे. मग ते गाड्या विकून बसने यायला लागले, मग यायचे बंद झाले. प्रुइटांचा डबा वाजतच राहिला.

नोट देताना नेड्रा तिला उभ्या तीन घड्या घालायची. बोटाएवढी पट्टी व्हायची. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "उलगडायला वेळ लागतो. तेवढ्यात अक्कल आली तर आली."

तिसरी थप्पी तो रोज नाही, पण अधूनमधून मागायचाच.

"नेड्रा, एकच. पत्ते आता फिरलेत."

"कुठे फिरलेत? इकडे तर आले नाहीत."

"नेड्रा, अगं."

"नाही. टोपी घे."

मान वर न करता. टाकाही चुकायचा नाही. एल्डन चरफडत टोपी घ्यायचा, गाडीत तोंड फुगवून बसायचा आणि घरी पीचचं गोडधोड खाल्लं की विसरून जायचा. सात नंबरवर त्याच्या शेजारी हिराओका बसायचा, दुसऱ्यांच्या बागा राखून पाठ वाकलेला माळी. एल्डनची थप्पी संपली की तो म्हणायचा, "जा, प्रुइट. सरकारकडून मंजुरी आण."

जूनमध्ये बाजारात नेड्रा एक खरबूज नाकाशी धरून वास घेत होती आणि तशीच खाली बसली. इतकी अलगद, की खरबूज फुटलंसुद्धा नाही. लोक धावले तोवर संपलं होतं.

घरात एल्डनला बसवेना. घड्याळ तेवढं बोलायचं. आठवड्याभराने तो क्लबात आला, डबा कागदी पिशवीत घालून, पायांत ठेवून बसला. पहिली थप्पी गेली. दुसरी गेली. तिसरीसाठी वाकला तेव्हा त्याने आजूबाजूला बघितलं. कुणी काही म्हणालं नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याने तिसरी घेतली.

मग काय विचारता! हरलेलं लवकर परत यावं म्हणून तो मोठ्या बोलीच्या टेबलावर जाऊन बसला. डबा भरलेला असताना चढायचं, आणि हा चढला रिकामा होत आला तेव्हा. हिराओका म्हणाला, "अरे, नेड्रा असती तर तुला आता पोरांच्यात खेळायला बसवलं असतं." एल्डन म्हणाला, "नेड्रा नाहीये." ऑगस्ट सरता सरता डब्याच्या तळाची पानाफुलांची नक्षी दिसायला लागली. मग वाणसामानाचे पैसे. मग विजेच्या बिलाचे.

सप्टेंबरातल्या एका दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना, तो शेवटचे हरला आणि उठला. डोकं रिकामं होतं. पाय आपले आपण निघाले, कमानीखालून टीव्हीच्या खोलीत गेले आणि हिरव्या खुर्चीपुढे थांबले. त्याने हात पुढे केला.

"नेड्रा, एक दे."

हे आपण मोठ्यांदा बोललो हे त्याला नंतर कळलं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने पर्स मांडीवर ओढून घेतली. टीव्हीवर कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात चालली होती. एल्डन कानापर्यंत लाल झाला, त्याने मान खाली घातली आणि त्याला दिसलं. खुर्चीच्या बसायच्या जागेवर, अगदी मधोमध, वीसची नोट. उभ्या तीन घड्या घातलेली.

"बाई, ही तुमची पडली का?"

"माझी असती तर मी नवऱ्याच्या नजरेला पडू दिली असती का? तो तिकडे तीन नंबरवर घर विकायला बसलाय."

"मग इथे कोण बसलं होतं?"

"सकाळपासून कुणी नाही. गार वारा येतो त्या खुर्चीशी. मीच उठून इकडे बसले."

वारा यायला तिथे खिडकी नव्हती. एल्डनने वर बघितलं, पंखाही नव्हता. कुणाचीतरी विसरली असेल असं त्याने स्वतःला समजावलं. घडी कुणीही घालू शकतं. नोट उलगडली तेव्हा तिला नेड्राच्या हाताला लावायच्या मलमाचा, पुदिन्याचा वास आला. पुदिन्याची मलमं काय, पुष्कळ बायका लावतात.

नोट घेऊन तो परत सात नंबरवर बसला. ती थप्पी गेली. तो परत गेला. दुसरी खुर्चीवर होती.

तेव्हा मात्र तो तिथेच खाली बसला, खुर्चीच्या दांडीला धरून. सत्तरीचा माणूस, पण पोरासारखं त्याचं तोंड हसत होतं आणि डोळे वाहत होते. नेड्रा इथे आहे. डबा तिच्याकडे आहे. सगळं पहिल्यासारखं आहे. आता त्याला पैसे नकोच होते. त्याला तिसरी मागायची होती.

दुसरी थप्पी त्याने आपल्या हाताने घालवली. राजांची जोडी फोडून टाकली, हिराओकाने डोळे विस्फारले. शेवटची चकती गेली तसा एल्डन उठला, आधी टोपी घेतली, ती छातीशी धरली आणि नवऱ्यामुलासारखा लगबगीने खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला.

"नेड्रा, एकच. पत्ते आता फिरलेत."

त्याने डोळे मिटून घेतले. तिला बोलायला वेळ दिला.

टीव्हीवर कुणालातरी धुलाईयंत्र बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या. एल्डनने डोळे उघडले.

खुर्चीवर तिसरी नोट होती. नीट घडी घातलेली.

नेड्राने तिसरी कधी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूप पिताना त्याने हिराओकाला सगळं सांगितलं. हिराओका पावाचा तुकडा सुपात बुडवून तसाच धरून राहिला.

"तूच ठेवत असशील. माणूस दुःखात काय करतो त्याचं त्याला कळत नाही."

"माझ्याकडे असते तर मी ठेवले असते का? लावले असते."

"हे मात्र खरं बोललास," हिराओका म्हणाला. "चल, दाखव."

दोघे खुर्चीपुढे उभे राहिले. हिराओकाने उशी उचलून बघितली, खाली हात फिरवला, खुर्ची वाकडी करून बुडाकडूनही बघितली. हातात आली ती शेंगदाण्याची टरफलं.

"माग," तो म्हणाला.

"नेड्रा, एक दे."

काही झालं नाही. हिराओका हसला आणि एल्डनकडे वळून म्हणाला, "चल घरी, तुला मी भात..." तेवढंच. दोघांची नजर सुटली ती तेवढीच. परत वळले तर नोट होती.

हिराओकाने तिला हात लावला नाही. रेक्झिनवर तळवा टेकवला आणि झटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"ऊब आहे," तो म्हणाला. "कुणीतरी आत्ताच उठल्यासारखी." हात विजारीला पुसत म्हणाला, "प्रुइट, घेऊ नकोस. माझी फुमिको असती तर तिने मला दुसरीसुद्धा दिली नसती. जे नाही म्हणत नाही, ते तुझी बायको नव्हे."

"म्हणूनच मागतोय रे," एल्डन म्हणाला. "एकदा नाही म्हणू दे तिला. फक्त एकदा ऐकू दे. मग मी उठतो. मग ह्या दारात पाय ठेवत नाही, तुझी शपथ."

"आणि नाही म्हणालीच नाही तर?"

एल्डनने नोट उचलली होती.

त्यानंतर हिराओका सात नंबरवरून उठून पलीकडच्या टेबलावर बसायला लागला. एल्डनकडे बघायचा, पण जवळ यायचा नाही.

एल्डन रोज मागायचा. तिसरी, चौथी, पाचवी. मुद्दाम हरायचा, की त्या खुर्चीचा संयम तरी सुटावा. चिडव तिला, खिजव तिला. एकदा तर म्हणाला, "काय गं, भीत होतीस ना घर बुडेल म्हणून? बघ, बुडवतोय." खुर्ची गप्प. नोट मात्र यायची.

मग वीसची नोट यायची बंद झाली. दहाच्या दोन आल्या. मग पाचाच्या चार, एकात एक घड्या घातलेल्या. मग एकेकाच्या. एल्डनला बरं वाटलं. संपत आलं, आता नाही म्हणावंच लागेल. पुढच्या आठवड्यात चिल्लर यायला लागली, चवल्या-पावल्या, नीट चळत रचून ठेवलेली. मग नुसते तांब्याचे पैसे, काळे पडलेले, काहींना माती लागलेली. चकत्या विकायला नवीनच लागलेली मार्व्हा नावाची पोरगी ती माती ॲप्रनला पुसत म्हणाली, "काय हो मिस्टर प्रुइट, परसात खणून आणता काय?"

एल्डनने चकत्या उचलल्या आणि तो सात नंबरकडे निघाला.

एका दुपारी त्याने मागितलं आणि खुर्चीवर बटण आलं.

मोत्यासारखं, पांढरं, चार भोकांचं. भोकांत निळा दोरा अडकलेला.

आधी त्याला ओळख पटेना. मग पटली. दफनाच्या दिवशी नेड्राला निळा झगा घातला होता. बायकांनी सगळी बटणं लावली, गळ्याजवळचं एक काही केल्या लागेना. ते एल्डनने लावलं होतं. त्याच्या जाड, मेकॅनिकच्या बोटांनी. कितीतरी वेळ लागला होता.

बटणाची कुणी थप्पी देत नाही. हे नेड्राला माहीत नसेल असं नव्हतं.

म्हणजे तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

तो टोपी न घेताच बाहेर पडला. घरी जाऊन त्याने बटण डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि डब्यापुढे बसून राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो ज्याची वाट बघत होता ते ‘नाही’ त्या खुर्चीतून येणारच नव्हतं. ते त्यानेच म्हणायला हवं होतं. पहिल्या दिवशी. ते शनिवारचं अंगठीचं झालं, तेव्हाच.

महिनाभर तो क्लबाकडे फिरकला नाही. मळक्या भांड्यांचा ढीग धुतला, तोडलेली वीज परत आणली, हिराओकाने परसात येऊन लिंबाला खत घातलं. दोघे कॉफी प्यायचे. क्लबाचं नाव कुणी काढायचं नाही.

पेन्शनचा चेक आला. एल्डनने घरखर्च वेगळा काढला, बिलं भरली. उरले त्यांतून एकाच थप्पीचे पैसे खिशात टाकले. नेड्राच्याच नियमाने. तीही ह्यासाठी, की त्याला बघायचं होतं, आपल्याला उठता येतं का. टीव्हीच्या खोलीकडे वळायचं नाही. ती हरली की उठायचं. एकदा उठता आलं की झालं. नेड्राला तेवढं तरी कळेल.

"ई. पी.! सात नंबर!"

तो बसला. शहाण्यासारखा खेळला. दुपारपर्यंत थप्पी झिजत झिजत गेली, वाईट काही केलं नाही, पत्तेच आले नाहीत. शेवटची चकती समोरच्या माणसाने ओढून घेतली.

एल्डनचे हात टेबलाच्या कडेवर होते. कमानीपलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"नाही," तो म्हणाला. स्वतःला. मोठ्यांदा.

आणि उठला.

उठता आलं! त्याने टोपी घातली. पलीकडच्या टेबलावरून हिराओकाने बघितलं आणि पत्ते खाली ठेवून दोन्ही हात वर केले. एल्डन दाराकडे निघाला. दाराच्या काचेतून ऊन दिसत होतं, आणि उन्हात उभ्या गाड्या.

"मिस्टर प्रुइट! अहो, निघालात कुठे?"

मार्व्हा होती. सात नंबरवर, त्याच्या जागेपुढे, ती चकत्या रचत होती. पूर्ण थप्पी.

"मी घेतली नाही," एल्डन म्हणाला. "मी मागितली नाही."

"तुम्ही नाही हो. मिसेस देऊन गेल्या. मला खुणेने बोलावलं टीव्हीच्या खोलीत आणि कुठून कुठून गोळा केलेले सुटे पैसे दिले, तुमच्या जागेकडे बोट केलं."

एल्डन परत आला. खुर्चीची पाठ धरली. मग बसला.

"काय म्हणाली?"

"म्हणायचं होतं बहुतेक काहीतरी. तोंड उघडलं दोनतीनदा, पण आवाज फुटला नाही. घसा बसलाय का त्यांचा?"

डावीकडच्या माणसाने पत्ते वाटायला घेतले. एल्डनपुढे एक आला, दुसरा आला.

"आणि एक विचारू? राग मानू नका," मार्व्हा वाकून हळू आवाजात म्हणाली. "फार वाळल्यात हो. खायला घालता की नाही त्यांना काही? थंडीत नुसत्या झग्यावर बसल्यात, तोही गळ्याशी उघडा."

पाचवा पत्ता आला.

"अजून आहे तिथे?" एल्डनने विचारलं.

मार्व्हाने मान लांब करून कमानीतून बघितलं.

"आहेत की," ती म्हणाली. "पर्स पालथी करून काहीतरी शोधतायत."